चाळिशीचे माप

मराठीत 'चाळिशी' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. एक अर्थ वयाचा टप्पा, आणि दुसरा त्या टप्प्यावर नाकावर येऊन बसणारा चष्मा. वर्तमानपत्रातील अक्षरे पुसट दिसू लागली, की माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो, नंबर काढून घेतो आणि चष्मा लावून पूर्ववत वाचू लागतो. डोळ्यांचा नंबर बदलला म्हणून कोणी खंत करीत बसत नाही. घरची मंडळी थोडी चेष्टा करतात आणि प्रकरण तेथेच मिटते. परंतु त्याच वयात कमरेचे माप बदलले, गालांवर वांग उमटले, हातांची त्वचा कोरडी पडली, की बाई आरसा टाळू लागते. बदल तोही शरीराचाच आणि हाही शरीराचाच. मग एकाला इलाज आणि दुसऱ्याची लाज, असे का व्हावे?

आजचा विषय किरकोळ वाटेल, पण तो घरोघरीचा आहे. त्वचेची प्रसाधने आणि मोठ्या मापाचे कपडे घरबसल्या, मोबाईलवरून मागविण्याची रीत आता आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या वाड्यांवरही पोचली आहे. पूर्वी नाताळासाठी, चवथीसाठी किंवा घरच्या लग्नासाठी चांगले कापड घ्यायचे तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठावा लागे. तेथेही तयार कपड्यांच्या दुकानातली मुलगी गिऱ्हाइकाला नखशिखांत न्याहाळून म्हणे, "तुमच्या साईजमध्ये नाही हो." चार माणसांत ऐकलेले ते वाक्य पुष्कळ बायकांच्या मनात वर्षानुवर्षे रुतून राहते. मोबाईलचे दुकान असे न्याहाळीत नाही. जाड अंगाच्या बाईला त्याचे आकर्षण वाटते, याचे खरे कारण मला वाटते हेच आहे. मात्र जे दुकान आपल्याला पाहत नाही, त्याला आपणही पाहू शकत नाही. म्हणून येथे डोळ्यांवर चाळिशी चढवून खरेदी करावी लागते. मी स्वतः शिक्षिका आहे, चाळिशी ओलांडलेली आहे, आणि गेले वर्षभर या वस्तू मागवून, वापरून, मोजून पाहिल्या आहेत. त्यांतून जे समजले ते आज आपल्यासमोर मांडते.

प्रथम त्वचेचा विचार करू. या वयात त्वचेत नेमके काय होते? रजोनिवृत्ती जवळ आली, की शरीरातील इस्ट्रोजेन या स्रावाचे प्रमाण घटते. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के कमी होते, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. तेलग्रंथी मंदावतात, त्वचा पाणी कमी धरून ठेवते आणि ती ओढल्यासारखी वाटू लागते. तारुण्यात सुमारे चार आठवड्यांत नवा होणारा त्वचेचा वरचा थर आता अधिक दिवस घेतो. वांगाच्या मुळाशी स्राव आणि ऊन ही दोन्ही कारणे असतात. समुद्रकाठच्या आपल्या मुलखात उन्हाची कमतरता कधीच नसते.

या बदलांवर जाहिराती दहा-बारा बाटल्यांची मालिका सांगतात. प्रत्यक्षात चार गोष्टी पुरतात. चेहरा धुण्यासाठी सौम्य द्रव्य, ओलावा टिकविणारे साधे मलम, दिवसा सनस्क्रीन, आणि हवेच असेल तर एखादे विशेष औषधी द्रव्य. ओलावा टिकविणाऱ्या मलमात ग्लिसरीन किंवा सेरामाइड असले तरी काम होते. कोकमाच्या बियांचे तेल, ज्याला कोकणात भिरंडेल किंवा मुठेल म्हणतात, ते आपल्या आज्या थंडीत फुटलेल्या टाचांना आणि ओठांना लावीत असत. आज तेच तेल 'कोकम बटर' या नावाने देखण्या डबीतून, देखण्या किमतीला विकले जाते. वस्तू चांगली आहे. पण तिच्यासाठी डबीचे पैसे मोजण्याची गरज आपल्याला तरी नाही.

सनस्क्रीनविषयी मात्र कंजुषी नको. डबीवर 'एसपीएफ' हा आकडा असतो. तो प्रामुख्याने त्वचा भाजविणाऱ्या अतिनील किरणांपासून मिळणारे संरक्षण दाखवितो. एसपीएफ ३० असलेले मलम असे सुमारे ९७ टक्के किरण अडविते, तर ५० असलेले सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकडा मोठा झाला तरी फरक लहानच. परंतु हे संरक्षण पुरेसे मलम लावले तरच मिळते. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीइतके मलम लागते, आणि उन्हात राहिल्यास दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. वांग असलेल्यांना लोहाचे ऑक्साइड घातलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होते.

विशेष द्रव्यांपैकी दोन नावे वारंवार कानी पडतात. नायासिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. ते बहुतेकांना सोसते. रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले. ते रात्री, वाटाण्याएवढेच आणि प्रारंभी आठवड्यातून दोनदा लावावे. गर्भारपणी ते वर्ज्य आहे. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून दोन दिवस वाट पाहावी. दोन नव्या वस्तू एकदम सुरू करू नयेत. पुरळ उठले तर दोष कोणाचा हे कळणार नाही. परिणामासाठी निदान सहा ते आठ आठवडे धीर धरावा. माझ्यापुरते सांगायचे तर सनस्क्रीन आणि साधे मलम यांनी वर्षभरात त्वचा मऊ झाली, वांग पुसट झाले. ते गेले नाही. "सात दिवसांत नाहीसे" असे लिहिलेल्या डबीला मी हात लावलेला नाही, आणि त्याचे कारण पुढे सांगते.

आपल्या देशात गोरेपणाची हौस जुनी आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ साली बाजारात आले. २०२० साली त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द गेला. शब्द गेला तरी हौस मागे राहिली, आणि तिचा फायदा घेणारा एक बेनामी बाजार वाढला. त्यातील काही मलमांत पारा असतो. त्वचेला काळा रंग देणाऱ्या मेलॅनिनची निर्मिती पारा रोखतो, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. २०२३ च्या जानेवारीत अकोल्याची एक बातमी वृत्तपत्रांत आली होती. एक तरुणी, तिची आई आणि बहीण या तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला होता. तिघीही एकच गोरेपणाचे मलम वापरीत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा त्या मलमात पाऱ्याचे प्रमाण अतोनात आढळले. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदविले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची मलमे वापरल्याचे सांगितले.

२०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. त्याच नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी असली पाहिजे. परदेशी माल असेल तर आयात करणाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यांपैकी एकही गोष्ट नसली, तर वस्तू कितीही स्वस्त असो, ती परत करावी. घटकांत 'कॅलोमेल', 'मर्क्युरस', 'मर्क्युरिक' असे शब्द दिसले, किंवा 'सोन्याचांदीचे दागिने लागू देऊ नका' अशी सूचना दिसली, तर आत पारा आहे असे समजावे. पारा दागिन्यांना चिकटतो, म्हणून ती सूचना लिहिलेली असते.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. 'बेटामेथासोन', 'क्लोबेटासोल', 'मोमेटासोन' ही नावे असलेली मलमे औषधे आहेत. ती डॉक्टरच्या सांगण्यावरून, थोड्या दिवसांसाठी वापरायची असतात. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइडे चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली. तरीही शेजारणीने सांगितले म्हणून महिनोन् महिने ती चेहऱ्याला फासणाऱ्या बायका आपल्या आसपास आहेत. त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि मलम सोडले की चेहरा भडकतो. असे झाले असेल तर घरगुती उपाय करीत न बसता त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे.

आता त्वचा आणि कपडे यांच्या सीमेवरचा एक प्रश्न. अंग भरलेले असले, की स्तनांखाली, काखेत, जांघेत त्वचा त्वचेला घासते. आपल्या पावसाळ्यात हवेतली ओल चार महिने हटत नाही. घाम साचतो, लाली येते, आणि तेथे नायटा धरतो. त्यावर गोरेपणाचे किंवा स्टेरॉइडचे मलम लावले तर तो अधिकच पसरतो. अंग कोरडे ठेवणे, सुती आतले कपडे घालणे आणि काखेत न काचणारा कपडा निवडणे, हा येथे पहिला उपचार आहे. म्हणूनच बरोबर मापाचा कपडा ही निव्वळ हौसेची बाब मानता येत नाही. मानेवर मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा उमटला असेल, तर तो मळ समजून घासू नये. ते पुष्कळदा शरीरात इन्सुलिन नीट काम करीत नसल्याचे चिन्ह असते. त्या बाईने मलम मागविण्याआधी रक्तातील साखर तपासून घ्यावी. वजन अकस्मात वाढले असेल तर थायरॉइडचीही तपासणी करावी. वजनाचा प्रश्न डॉक्टरचा आणि मापाचा प्रश्न शिंप्याचा. दोन्ही प्रश्न एकाच लाजेत गुंडाळून कपाटात ठेवले, तर दोन्ही तसेच राहतात.

तर मग मापाकडे वळू. लुगडे आणि साडी यांना मापाचा प्रश्न कधी पडलाच नाही. नेसणारी बारीक असो वा जाड, वस्त्र तेच. चोळी, झगा, ब्लाउज शिवायचे तर शिंपी टेप लावी आणि आपल्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव लिहून पुढे आकडे मांडी. त्या वहीत 'मोठे' किंवा 'लहान' असे कोणी नव्हते. ज्याचे त्याचे आकडे होते. तयार कपडे आले आणि माप वहीतून निघून कॉलरमागच्या चिठ्ठीवर गेले. पूर्वी कपडा अंगाला बसला नाही तर चूक शिंप्याची असे. आता कपडा बसला नाही, तर आपलेच अंग चुकले असे आपल्याला वाटते.

ही चिठ्ठी कोणी ठरविली? अमेरिकेच्या कृषिखात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली आणि १९४१ साली ती प्रसिद्ध केली. त्यांत केवळ गोऱ्या स्त्रियांची मापे धरली होती. त्यांच्या आधाराने १९५८ साली मापांचे एक प्रमाण तयार झाले. ते १९८३ साली मागे घेण्यात आले. त्यानंतर प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने अक्षरे छापते. आपल्याकडे तर दीर्घकाळ परदेशी तक्त्यांवरच काम चालले. भारतीय शरीरांची मापे घेण्याची योजना राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली जाहीर केली. सहा शहरांतील १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापे घ्यावयाची, असा तिचा संकल्प होता. त्या शहरांत मुंबई आहे, शिलाँग आहे, गोवा नाही.

जाड अंगाच्या स्त्रियांचा विचार व्यापाऱ्यांनी केलाच नाही, असे मात्र नाही. लिथुआनियाहून न्यूयॉर्कला आलेल्या लिना ब्रायंट या विधवेने १९०४ साली तेथे शिवणकामाचे दुकान काढले. पुढे तिने व तिच्या दुसऱ्या पतीने हजारो गिऱ्हाइकांची मापे घेऊन पाहिली, आणि जाड स्त्रियांचेही अनेक प्रकारचे बांधे असतात हे ओळखून त्यांच्यासाठी वेगळे कपडे बेतले. आपल्या जवळचे उदाहरण पाहायचे तर पेडण्याहून शापोरा नदीचा पूल ओलांडला की कोलवाळ लागते. तेथे राहणारे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास 'मोदा गोवा' या ग्रंथात २०१२ साली मांडला. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१७ साली मुंबईच्या फॅशन सप्ताहात त्यांनी खास स्थूल बांध्याच्या माणसांसाठी बेतलेले कपडे, तशाच बांध्याच्या माणसांच्या अंगावर सादर केले. २०२० साली ते निवर्तले. ज्या व्यासपीठावर सडपातळांचीच गर्दी असे, तेथे त्यांनी भरल्या अंगाला सन्मानाने चालविले, ही गोष्ट त्यांच्या शेजारच्या आपण लोकांनी विसरू नये.

मोबाईलवरून मागविलेल्या कपड्याचे खरे दुखणे काय, ते पाहण्यासाठी मी एक लहानसा प्रयोग केला. चिठ्ठीवर 'थ्री एक्सएल' हीच अक्षरे असलेले तीन कुर्ते तीन निरनिराळ्या विक्रेत्यांकडून मागविले आणि टेपने मोजले. एकाची छाती ४६ इंच भरली, दुसऱ्याची ४८ आणि तिसऱ्याची साडेपन्नास. अक्षरे तीच, कुर्ते तीन जातींचे. तिघांचेही खांदे मात्र माझ्या खांद्यांखाली उतरत होते. पेडण्याच्या बाजारात शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या आमच्या शिंप्याला ते दाखविले, तेव्हा तो म्हणाला, "टीचर, चरबी वाढते, हाडं वाढत नाहीत." कारखान्यात मध्यम मापाचा एक नमुना घेऊन तो सर्व बाजूंनी सारखा वाढवीत नेतात, छातीबरोबर खांदा आणि मुंढाही वाढतो. मनुष्याचे शरीर असे सर्व बाजूंनी सारखे वाढत नाही. कारखान्याचे हे सारे गणित त्या शिंप्याने एका वाक्यात सांगितले.

म्हणून अक्षरे सोडून आकडे पाहावेत. आपल्याला नीट बसणारा एक जुना कुर्ता सपाट अंथरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावा आणि दुप्पट करावी. खांदा, दंडाचा घेर आणि नितंबांचा घेर लिहून ठेवावा. विक्रेत्याने दिलेली मापे अंगाची आहेत की कपड्याची, हे आधी पाहावे. सैल कुर्ता अंगाच्या मापाहून तीन-चार इंच मोठा असावा लागतो. सर्वांत मोठ्या भागाच्या मापाने कपडा घ्यावा आणि उरलेला शिंप्याकडून आत घ्यावा, कारण मोठा लहान करता येतो. लहान मोठा करायचा तर शिलाईत माया असावी लागते, आणि कारखान्याच्या शिलाईत बहुधा ती नसते. सडपातळ मुलीच्या छायाचित्रावर विसंबू नये. आपल्यासारख्या बांध्याच्या गिऱ्हाइकांनी लावलेली छायाचित्रे पाहावीत. रेयॉनचे कापड धुतल्यावर आटते, हेही ध्यानात ठेवावे.

आणि फसवणूक झाली तर? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ज्या स्थळावरून आपण खरेदी करतो, तेथे परतीच्या अटी, मालाचा मूळ देश आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव दाखविणे आवश्यक आहे. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा, असा नियम आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो; विक्रेता दिल्लीचा असला म्हणून दिल्लीला जावे लागत नाही. पार्सल उघडताना चित्रण करावे, पावती ठेवावी, आणि कपडा ठरला नाही तोवर चिठ्ठी कापू नये.

श्रोतेहो, या वयात हे सारे कशाला, असे कोणी विचारील. वर्गात रोज चाळीस मुली माझ्याकडे पाहतात. आपले अंग हा लपविण्याचा विषय आहे, असे त्या माझ्या पदर ओढून घेण्यावरून शिकणार असतील, तर तो धडा पुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा खोल जाईल. नीट बसणारा कुर्ता, निरोगी त्वचा आणि मोकळी चाल यांतूनही त्या काही शिकतातच. नट्टापट्टा वेगळा आणि स्वतःची निगा वेगळी. डोळ्यांना चाळिशी लावताना आपण जो शहाणपणा दाखवितो, तोच उरलेल्या शरीराच्या बाबतीतही दाखवावा: आकडा तपासावा, योग्य ते साधन निवडावे, चुकीचे असेल ते परत पाठवावे आणि आपल्या कामाला लागावे.